निघून जाण्याचं बटण

गेममधल्या ज्या दुकानदाराने माझा पहिला अपमान केला, त्याच्या दुकानात छत्र्या होत्या. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने एक छत्री पुढे केली, तिच्याखाली किंमत उमटली आणि किमतीखाली एकच बटण आलं, 'विकत घ्या'. कुठेतरी 'जरा कमी करा' असेल म्हणून मी माऊस सगळ्या स्क्रीनवर फिरवला. नव्हतं. छत्रीची एक काडी वाकडी आहे हे मला स्पष्ट दिसत होतं, पण ते त्याला सांगायची सोय नव्हती. मागे फिरले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले. त्याने हाक मारली नाही. नुसता उभा राहून डोळे मिचकावत होता.

असा दुकानदार मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि मी दुकानदार पुष्कळ पाहिले आहेत. माझा धंदा वापरलेल्या ऑफिस-फर्निचरचा. होसकोटेला माझी शेड आहे. बेंगळुरूत एक कंपनी जाते आणि दुसरी येते, त्यांच्यामधल्या काळात खुर्च्या कुठे राहतात, तर माझ्याकडे. निपाणीकडून लग्न होऊन आले तेव्हा नवरा बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात होता आणि मी घराच्या ओट्यावर मोडक्या खुर्च्यांना चाकं बसवून देत होते. तिथपासून शेडपर्यंतचा रस्ता मी जिभेने कापला आहे. मला कोणी काही सोडलं नाही, म्हणून मीही सोडत नाही. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर आहे, असं घरचे म्हणतात. कमी आवाजात घासाघीस करून बघा एकदा, मग बोला.

तो कॉम्प्युटरही असाच आला. एका कंपनीने कार्टून काढायचं ऑफिस बंद केलं, त्यांच्या सामानात एक दांडगं मशीन होतं. आत लाल-निळे दिवे लुकलुकायचे, त्यामुळे कोणत्याही हिशेबी माणसाला ते नको होतं. मी घरी नेलं. त्यात आधीच्या कोणीतरी एक गेम ठेवलेली होती. डोंगरातलं गाव, तिथे एक पडकं चहाचं दुकान, ते आपण पुन्हा उभं करायचं. बाजारातून कपबशा आणायच्या, बाकं आणायची, छपराला पत्रे आणायचे. मला तर वाटलं, ही माझ्यासाठीच केली आहे. आणि मग तो छत्रीवाला भेटला.

मी खुर्ची घेताना आधी उलटी करून बघते. गेमही उलटी केली, म्हणजे तिचा फोल्डर उघडला. आत दुकानदारांची सगळी वाक्यं साध्या फायलीत लिहून ठेवलेली होती. छत्रीवाल्याच्या तोंडात घालायला कंपनीने जे दिलं होतं, ते वाचून मला त्याची दया आली. बिचाऱ्याला 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' यांच्यापलीकडे काही येतच नव्हतं. मी एक वाक्य वाढवलं, एक स्वल्पविराम खाल्ला, आणि गेम उघडेनाशी झाली. मी स्क्रीनला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून खालच्या मजल्यावरच्या अक्का वर विचारायला आल्या, घरी सगळं ठीक आहे ना. ठीक नव्हतं, पण दोन दिवसांनी तो स्वल्पविराम सापडला.

हे करणारी मी एकटी नाही हे मला नंतर कळलं. गेम कंपनीची असते, पण तिच्या आतल्या फायली बदलून लोक आपल्या मनासारखं काहीतरी करतात आणि इतरांना फुकट देतात. त्याला मॉड म्हणतात. कोणी गावाला बर्फ पाडतो, कोणी सगळ्यांना मिशा लावतो. त्यांच्या चर्चेच्या पानांवर मी प्रश्न विचारत गेले, भांडत गेले आणि शिकत गेले. कोणी मूर्ख प्रश्न म्हटलं की मी तोच प्रश्न पुन्हा, आणखी मोठ्या अक्षरात विचारायची. उत्तर मिळायचं.

आणि मी घासाघीस बांधली.

माझा छत्रीवाला आता ऐकायचा. आधी नको असलेल्या वस्तूचा भाव विचारला तर तो सैल पडायचा. वाकडी काडी दाखवली तर कपाळाला आठी घालायचा. पण खरी गंमत शेवटी होती. पाठ फिरवून सावकाश गल्लीकडे चाललं की तो हाक मारायचा, 'या हो, रागावू नका.' पळत सुटलं तर मात्र हाक नाही, कारण जो पळतो तो खरंच चाललेला असतो. सावकाश जाणाऱ्यालाच परत यायचं असतं. हे बेंगळुरूच्या चिकपेटेच्या बाजारात कोणालाही विचारा. माझ्या मॉडमध्ये पायांचा वेग हेच बोलणं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. अजून आहे.

एका माणसाने त्यावर लिहिलं, "सुंदर आहे, पण खेळणाऱ्याला कळत नाही काय चाललंय. स्क्रीनवर दिसायचं ते मी करून देऊ?" आणि इंग्रजी वाक्याच्या मध्येच त्याने 'स्वल्प' घातलं होतं, कन्नडमधलं 'जरा'. मी कन्नडमध्ये विचारलं, कुठले तुम्ही? तो बेंगळुरूचाच निघाला. पुढे एकदा फाईल पाठवताना नेट गेलं आणि आल्यावर मी मराठीत जी शिवी लिहिली, तिला त्याने मराठीतच उत्तर दिलं, "अक्का, हे आमच्या घरी पण म्हणतात." त्याचं घराणं या शहरात पिढ्यान्‌पिढ्यांचं. मराठी घरात टिकली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पहिल्या दिवशी मला निम्मं कळलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ते गोड वाटायला लागलं. विमा कंपनीत नोकरी, त्यांच्या ॲपची बटणं मांडायची, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, सर्जापूर रोडला फ्लॅट. मॉडच्या लोकांत त्याला मान होता. त्याने केलेल्या खिडक्या आणि बटणं गेममध्ये अशी बसायची की कंपनीनेच केली असावीत.

आम्ही प्रत्यक्ष भेटलो नाही. होसकोटेहून सर्जापूर रोडला जायचं म्हणजे बरोबर डबा घ्यावा लागतो. व्हिडिओ कॉलवरच सगळं.

त्याने छान काम केलं, हे मी नाकारत नाही. दुकानदाराचा मूड दाखवणारा छोटा कंदील त्याचाच. पण मॉड लोकांना दिला त्या सकाळी मी उघडून बघते तर छत्रीखाली दोन बटणं होती. 'विकत घ्या' आणि 'निघून जा'.

मी तिथल्या तिथे कॉल लावला.

"हे काय आहे?"

"काय, अक्का?"

"निघून जायला बटण? बटण दाबून कोणी निघून जातं का?"

"अक्का, चाचणीला दिलं तेव्हा कोणाला समजलंच नाही की चालत गेलं की हाक येते. जे दिसत नाही ते लोक वापरत नाहीत. आमच्या कामाचा पहिला नियम आहे हा."

"चिकपेटेत पाटी लावलेली असते का, इथून रागाने निघावे म्हणून?"

"चिकपेटेत लोक जन्मल्यापासून येतात. या गेममध्ये नॉर्वेचा माणूस पण येतो."

नॉर्वेच्या माणसाला मी काय करू? बटण राहिलं, कारण मॉड त्याच्या पानावरून लोक घेत होते आणि किल्ली त्याच्याकडे होती. आणि पुढे माझं म्हणणं खरं ठरलं. लोकांना कळलं की 'निघून जा' दोन-तीनदा दाबलं की दुकानदार सर्वांत खालच्या भावाला येतो. कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला. लोक त्याला सवलतीचं बटण म्हणायला लागले. वाकड्या काडीकडे कोणी बघेना, कंदिलाकडे कोणी बघेना, माझा छत्रीवाला 'या हो, या हो, या हो' करत कूपनासारखा फाटत राहिला. आणि प्रतिक्रिया काय, तर 'बटण फार सोयीचं आहे'. सोयीचं! मी मान-अपमानाचा खेळ बांधला होता आणि त्यांनी त्याचा नळ केला.

हे मी मनात धरून बसले. धरून बसायला मला आवडतंही, त्याने काम नेटाने होतं.

संधी आली ती कंपनीने गेमची नवी आवृत्ती काढायची ठरवलं तेव्हा. जुने मॉड तिच्यात चालणार नव्हते, सगळ्यांनी आपापले पुन्हा बांधायचे होते. म्हणजे यावेळी बटण गेलं तर गेलं, आणि राहिलं तर माझी घासाघीस कायमची सवलत होऊन बसणार. मी ठरवलं, बटण निघालंच पाहिजे. नाहीतर दुकानदारांचं सगळं डोकं माझं आहे, ते मी काढून घेणार आणि त्याने नुसत्या खिडक्या घेऊन बसावं. तसं त्याला कळवलंही. त्याने रविवारी सकाळी कॉल ठेवला.

कॉलवर मी कानात काही घालत नाही. स्पीकरवर बोलते, गल्लीला ऐकायचं असेल तर ऐकू दे.

सौदा कसा करतात ते मला कोणी शिकवू नये. मी आधी नको असलेल्या वस्तूंपासून सुरुवात केली. कंदिलाचा रंग मला पसंत नाही म्हणाले. अक्षरं बारीक आहेत म्हणाले. दुकानाच्या घंटेचा आवाज देवळासारखा वाटतो म्हणाले.

"सरी, बरं अक्का. रंग बदलू. अक्षरं मोठी करू. घंटा पण बदलू."

"आणि ते बटण काढा."

"बटण राहील."

"मी मांजर काढते."

छत्रीवाल्याच्या मांडीवर मी एक मांजर बसवलं होतं. माझ्या या जोडीदाराच्या मते मांजराने गेम जड होत होती. त्याला ते पहिल्यापासून नको होतं. मी ते एवढ्याचसाठी ठेवलं होतं की कधीतरी सोडायला काहीतरी हाताशी असावं.

तो हसला. "मांजर तुम्ही सोडण्यासाठीच ठेवलंय हे मला माहिती आहे, अक्का. आमच्या काकांचं साड्यांचं दुकान होतं पेठेत. मी शाळेतून तिथेच यायचो."

हे त्याने इतके महिने सांगितलं नव्हतं! मी विमावाला समजून बोलत होते आणि समोर गादीवर वाढलेला माणूस होता. माझं डोकं तापलं.

"मग राहू द्या," मी म्हणाले. "माझा माल मी घेऊन जाते."

आता कॉल सोडायला स्क्रीनवर एक लाल बटण असतं. ते दाबलं की आपण नाहीसे होतो, पाठ नाही, पाऊल नाही, काही नाही. ते मी दाबलं असतं तर त्याच्या बाजूचा विजय झाला असता. मी खुर्ची मागे सरकवली, उठले, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि स्वयंपाकघराच्या पडद्याकडे चालू लागले. सावकाश. वाटेत भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं, जाता जाता दुसऱ्या दुकानातला माल हाताळतात तसं. पडद्याशी क्षणभर थांबले. हाक मारायला याहून चांगली जागा मी त्याला देऊ शकत नव्हते.

आली नाही. मग आत जावंच लागलं.

आत नवरा कोथिंबीर निवडत बसला होता.

"संपला कॉल?"

"नाही. मी निघून आलेय."

"कुठे?"

"इथे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "आणि तो?"

"तो हाक मारेल. गप्प बसा, ऐकू येणार नाही."

आम्ही दोघं गप्प बसलो. बाहेरच्या खोलीतून काही आवाज नाही. खाली भाजीवाल्याचा रेकॉर्ड केलेला भोंगा ओरडून गेला. नवऱ्याने एक काडी मोडली तर मी डोळे वटारले.

माझ्या धंद्यात हाक आली नाही तर पुढचं दुकान असतं. खुर्च्या काय, दुसरीकडे मिळतात. इथे पुढचं दुकान नव्हतं. त्या छत्रीवाल्याला मी बोलायला शिकवलं होतं. त्याला घेऊन मी कुठे जाणार होते, आणि नेला तरी कोण खेळणार होतं?  बाजारात अशी अडचण माझी फार वर्षांत झाली नव्हती.

"चहा टाकू?" नवऱ्याने कुजबुजत विचारलं.

"नको. मला परत जावं लागेल. माझा चष्मा राहिलाय टेबलावर."

"अगं, चष्मा तर डोळ्यावर आहे."

मी चष्मा काढला आणि त्याच्या ताटातल्या कोथिंबिरीत ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्याचा हा एक फायदा. त्याने त्यावर चार काड्या पसरल्या.

बाहेर येऊन मी टेबल चाचपायला लागले. "चष्मा राहिला होता," मी स्क्रीनकडे न बघता सांगितलं. उत्तर नाही. मग बघितलं. चष्म्याशिवाय मला तो म्हणजे एक निळसर ठिपका दिसतो, पण ठिपक्याचं तोंड हलत होतं एवढं कळलं. हात हलत होते. आवाज नव्हता.

"काय पुटपुटताय? मोठ्याने बोला."

तो ठिपका पुढे वाकला, काहीतरी दाबलं, आणि एकदम आवाज फुटला, "...किती वेळ ओरडतोय अक्का, अक्का म्हणून! माइक बंद होता!"

आता ऐका माझं दुःख. माइक बंद असला की त्या माणसाच्या चित्रावर एक छोटी तांबडी खूण येते, तिच्यावर तिरकी रेघ. डोळ्यावर चष्मा असता तर एका नजरेत कळलं असतं की खूण आहे की नाही. चष्मा कोथिंबिरीत होता. तो खरंच हाका मारत होता, की मी पडद्यातून बाहेर येताना दिसल्यावर तोंड हलवायला लागला, हे मला कधीच कळणार नाही. ज्याचं आयुष्य बटणं मांडण्यात गेलं, तो आपला माइक बंद ठेवून ओरडेल? मला विचाराल तर नाही.

"खोटं," मी म्हणाले.

"शपथ, अक्का."

"पेठेतल्या माणसाची शपथ."

तो हसायला लागला. मग म्हणाला, "पण खरं सांगा, हाक आली नाही तेव्हा कसं वाटलं?"

"राग आला."

"नुसता राग?"

मी पुन्हा टेबल चाचपायला लागले.

"आमचे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला हाक मारायचे नाहीत," तो म्हणाला. "चारांपैकी एकाला जाऊ द्यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, सगळ्यांना हाक मारली की लोक पाठ दाखवायलाच येतील. तुमचा छत्रीवाला सगळ्यांना हाक मारतो, अक्का. मग ते बटण असलं काय आणि चालणं असलं काय, लोक त्याला सवलतच समजणार."

हे पटलं असं मी त्याला म्हटलं नाही. पटलेलं बोलून दाखवलं की भाव चढतो. मी म्हणाले, "आणि हाक आली नाही, तर गिऱ्हाइकाने परत कसं यायचं? तोंड कसं दाखवायचं?"

"चष्मा विसरला म्हणून यायचं." तो गंभीरपणे म्हणाला. "सापडला का, अक्का? टेबलावर तर दिसत नाही."

आतून नवऱ्याचा खोकला ऐकू आला. त्याला खोकला झालेला नव्हता.

त्यानंतर सौदा पटकन झाला. बटण जाणार. चालतच निघायचं, आणि दुकानदार कधी हाक मारेल, कधी मारणार नाही. नाही मारली तर गल्लीच्या टोकावरून 'छत्री राहिली' म्हणत परत येता येईल, आणि त्याची किंमत दुकानदार जराही न हसता वसूल करेल. तो नियमाचा माणूस, त्याला काहीतरी दिसायला हवंच होतं. म्हणाला, खेळणाऱ्याने पाठ फिरवली की स्क्रीनच्या कडेला दुकानदाराचा हात अर्धा वर येऊ दे. हाक मारणार की नाही ते कळू नये, पण काहीतरी चाललंय हे कळावं. त्या हातासाठी मी त्याला पूर्ण मार्क दिले, मनातल्या मनात. मांजर राहिलं. सोडायला कोणी मागितलंच नाही.

नवी आवृत्ती आली आणि लोक संतापले. 'त्याने मला हाक मारली नाही!' 'मी गल्लीच्या टोकाला उभा राहून वाट बघितली!' 'त्याने हात वर केला आणि मग डोकं खाजवलं!' एकाने रागाने लिहिलं की तो छत्रीवाल्याकडे पुन्हा जाणार नाही, आणि त्याखाली दुपारी लिहिलं की गेला होता, छत्री विसरली म्हणून. रोज सकाळी कॉफी घेऊन मी ती पानं वाचते. माझ्या आयुष्यात माझ्या मालाची इतकी चांगली तारीफ कोणी केलेली नाही. त्या सगळ्यांना फार आवडली ती विसरलेली छत्री, आणि ती कोणाची कल्पना म्हणून विचारलं की तो त्या पानावर लिहितो, अक्कांची. एवढं तरी करायलाच हवं त्याने.

पण माइकचं मी विसरलेले नाही. आता माझ्या चष्म्याला गळ्यातली दोरी आहे. कॉल सुरू झाला की आधी मी त्याच्या चित्रावरची खूण बघते, मग नमस्कार.

परवा आमचं पुन्हा वाजलं. यावेळी मांजरावरून. त्याला ते आता गल्लीभर फिरवायचं आहे, मला ते मांडीवरच हवं आहे. मी उठले, कॅमेऱ्याकडे पाठ केली, कॅलेंडर सरळ केलं, पडद्यापर्यंत गेले. हाक नाही. चष्मा घातलेलाच होता, म्हणून या खेपेला वळून बघितलं. माइक चालू होता. तो काही न बोलता बसला होता आणि त्याचा एक हात अर्धा वर होता.

मी पडदा सारून आत गेले. नवऱ्याने मला बघितलं आणि भाजीचं ताट पुढे सरकवलं, चष्मा ठेवायला.